वाक्य पुरं होईपर्यंत

ती गेली हे मला दुपारी कळलं. माझ्या मुलाला ते माझ्याकडून कळलं, असं मात्र म्हणता येणार नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं राहून मी त्याला फोन लावला. तो "हां बाबा, बोला" म्हणाला आणि मी बोलायला गेलो. "आई" एवढं निघालं. पुढचा ग अडकला. शब्दाच्या सुरुवातीचे क, ग आणि प ही माझी जुनी दुखणी आहेत. ग म्हणायला गेलो की जीभ मागे टाळूला चिकटते, आणि मग कितीही रेटा दिला तरी सुटत नाही. समोर एक माणूस स्कूटर चालू करत होता, ती चालू होत नव्हती. तो किक मारत होता आणि मी ग मारत होतो. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "गेली? बाबा, आई गेली का?" मी मान हलवली. फोनवर मान हलवून काही होत नाही हे माझ्या जरा उशिराने लक्षात आलं, पण तोवर त्याला कळलंच होतं. माझ्या आयुष्यात मला सांगावं लागलेलं सगळ्यात जड वाक्य, आणि ते दुसऱ्याने पुरं केलं. यात त्याची चूक नाही. दुकानदार, शेजारी, बसमधला कंडक्टर, सगळेच माझी वाक्यं पुरी करतात, आणि बहुतेक जण चांगुलपणाने करतात. एकच बाई करत नसे, आणि ती आत चादरीखाली होती.

ती गेली ती वर्गातच, शिकवताना. बालवाडीच्या शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेत ती शिकवायची. माणूस लहानाचा मोठा कसा होतो, हा तिचा विषय. त्या दिवशी आनुवंशिकतेचा धडा चालू होता. तिने मुलींना विचारलं, "तुमच्यातली अशी एक गोष्ट सांगा, जी कुणाकडूनच आलेली नाही." मग खुर्चीत बसली आणि गप्प झाली. मुलींना वाटलं, बाई उत्तराची वाट बघताहेत. प्रश्न विचारून थांबायची तिची सवयच होती. बाकीचे शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तरही आपणच देऊन टाकतात, ही थांबायची. मुली सांगतात की कधीकधी इतकी थांबायची की बाहेरच्या नळाचं पाणी ऐकू यायचं. म्हणून त्या दिवशीही सगळ्या खाली मान घालून विचार करत बसल्या. शेवटी पुढच्या बाकावरची एक उठून "बाई, मी सांगू?" म्हणाली, तेव्हा कळलं. ती मुलगी नंतर माझ्याजवळ येऊन खूप रडली. डॉक्टरांनी तिला समजावलं की लगेच हाक मारली असती तरी फरक पडला नसता, हृदय एकाएकी थांबलं होतं. मला तिला सांगायचं होतं की बाई प्रश्न विचारून गेल्या आणि वर्ग विचार करत बसला, यापेक्षा चांगलं काय हवं होतं तिला. पण मी बोलायला तोंड उघडलं तशी तीच म्हणाली, "काका, असू दे, बोलू नका."

माझं बोलणं मी इथे सरळ लिहितो आहे. प्रत्यक्षात ते असं सरळ नसतं. मी चष्म्याच्या काचा घासायचं काम करतो. दुकानाच्या मागच्या खोलीत यंत्र आहे, ते चालू असलं की कुणी कुणाशी बोलूच शकत नाही, आणि म्हणूनच मी तरुणपणी ती नोकरी धरली. काच फ्रेमच्या मापाची करायची, कडा घासायच्या, धुवायची, उजेडात धरून बघायची. मालक बाहेर गिऱ्हाइकांशी गोड बोलतो, मी आत काच बघतो. एकदा मालक जेवायला गेला होता आणि काउंटरवर एक मुलगी येऊन उभी राहिली. चष्मा झाला का, म्हणून विचारत होती. मला "परवा" म्हणायचं होतं. लोक अशा वेळी दोन गोष्टी करतात. एक तर तोंडाकडे बघत राहतात, किंवा दुसरीकडे बघतात. तिने दोन्ही केलं नाही. ती माझ्या डोळ्यांकडे बघत उभी राहिली, मान डोलावली नाही, हसली नाही. "परवा" बाहेर पडल्यावर म्हणाली, "परवा सकाळी की संध्याकाळी?" म्हणजे पुन्हा सगळं आलंच. मला रागही आला आणि हसूही. "सकाळी" हा शब्द आखूड, म्हणून सोपा होता, पण काम संध्याकाळशिवाय होणार नव्हतं. तरी मी सकाळी म्हणालो, आणि त्यासाठी आदल्या दिवशी उशिरापर्यंत थांबून काच घासली. हे मी तिला लग्नानंतर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सोपा शब्द महागात पडला तुम्हाला."

तिच्या माहेरी सगळे एकाच वेळी बोलतात. पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मला वाटलं भांडण चाललंय. सासरे बोलत असताना मेव्हणा बोले, मेव्हण्याच्या मधे सासूबाई, आणि धाकटी मेव्हणी तिघांचीही वाक्यं शेवटी तोडून आपलं जोडून देई. कुणालाच राग येत नसे. त्या घरात ही एकटी थांबणारी कुठून आली, हे मला आजवर कळलेलं नाही. नाक सासूबाईंचं, चालणं सासऱ्यांचं, चष्म्याचा नंबर आजीपासून चालत आलेला, राग आल्यावर भांडी घासायला घ्यायची सवयही सासूबाईंची. पण थांबणं त्या घरात कुणाकडेच नव्हतं. मी तिला एकदा विचारलं. तिने खूप विचार केला आणि म्हणाली, "कोण जाणे. मला कुणी बोलूच द्यायचं नाही, म्हणून असेल. किंवा आजोबांच्या कुणा आजोबांकडून असेल. आपल्याला दिसतात तेवढेच नातेवाईक नसतात." शेवटच्या वर्गात तिने जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मी असतो तर हे दिलं असतं. पण मी त्या वर्गात नव्हतो.

एरवी मी तिच्या वर्गात जात असे. वर्षातून एकदा, आनुवंशिकतेच्या धड्याला. या वर्षी माझा दिवस पुढच्या आठवड्यात होता. ती मला नमुना म्हणून नेते असं मी पहिल्यांदा म्हणालो होतो, तर ती भडकली. "नमुना नाही. तुम्ही काचेबद्दल सांगायचं. त्यांनी ऐकायला शिकायचं." नियम एकच असे, मधे कुणी बोलायचं नाही. मी फळ्यापुढे उभा राहून काच कशी घासतात ते सांगे. मुलींची तोंडं बघण्यासारखी होत. काहींना माझ्यापेक्षा जास्त घाम फुटे. एका वर्षी मी "का" वर अडकलो, आणि खिडकीजवळची एक न राहवून म्हणाली, "काच!" बायकोने तिला विचारलं, "त्यांना काच म्हणायचं होतं हे तुला कसं कळलं?" "बाई, ते काचेबद्दलच बोलताहेत ना." बायको माझ्याकडे वळली. मी म्हणालो, "कारखाना." सगळा वर्ग हसला, ती मुलगीही, आणि मीही. मग बायको म्हणाली, "तुमच्याकडे तीन वर्षांची मुलं येणार आहेत. रोज तुम्ही त्यांच्या तोंडात काच घालणार, आणि त्यांच्या मनात कारखाना असणार."

तिचे तास मी आधीच ऐकलेले असत. संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती उद्याचा तास माझ्यावर करून बघे. मला तो विषय येतो असं नाही, पण त्यातली भांडणं ओळखीची झाली. एक पक्ष म्हणतो, सगळं बीजातच असतं, वेळ आली की आपोआप उमलतं. दुसरा म्हणतो, मूल ओली माती आहे, हात लावाल तसं घडेल. तिसरा पायऱ्या मांडतो, ही चढल्याशिवाय पुढची नाही. ती ज्याची बाजू मांडे तो मला खरा वाटे. "अहो, काल तर तुम्ही बीजवाल्यांकडे होता," ती म्हणे. मी म्हणे, "काल तू त्यांच्याकडून बोलत होतीस." कुणीतरी मुलगी दरवर्षी विचारायचीच की बाई, रक्तातून किती टक्के येतं आणि परिस्थितीतून किती. तेव्हा ती आपला चष्मा काढून हातात धरी. "डोळा माझ्या आईकडून आलाय. काच माझ्या नवऱ्याने घासली आहे. आता मला तू दिसतेस, ते किती टक्के आईमुळे आणि किती टक्के नवऱ्यामुळे?" एक जण म्हणाली होती, "नवऱ्यामुळे जास्त, बाई." "लग्न ठरलंय वाटतं तुझं," बायको म्हणाली, आणि ठरलंच होतं. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसून हे बघत असे आणि मला वाटे, इतक्या हुशार बाईने काउंटरवरच्या माणसात काय बघितलं. पण तिला विचारलं असतं तर तिने उलट मलाच विचारलं असतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबली असती.

माझे वडील टपालखात्यात पत्रं गावांप्रमाणे लावायचे. तेही अडखळत, पण हे मला खूप उशिरा कळलं, कारण ते माझ्यासमोर बोलतच नसत. मी खोलीत आलो की त्यांचं बोलणं बंद होई. आईशी काही बोलत असले तर तेवढ्यावर थांबत आणि वर्तमानपत्र घेत. मी लहानपणी समजून चाललो होतो की माझं काहीतरी चुकलंय आणि ते माझ्यावर रागावलेत. काय चुकलं ते शोधत मी मोठा झालो. ते वारले तेव्हाही मला ते सापडलं नव्हतं. मग लग्न झालं, आणि एक दिवस बायकोने मटार सोलता सोलता माझ्या आईला सरळ विचारलं, जे मी जन्मात विचारलं नसतं. आई म्हणाली, "हा रांगत होता तेव्हा कुणीतरी ह्यांना सांगितलं, पोर ऐकून उचलतं, तुम्ही त्याच्यासमोर तोंड उघडू नका. मग नाही उघडलं." एवढंच. आईने पुढची शेंग घेतली. माझी शेंग हातात तशीच राहिली. घरी परत येताना बायको बसमध्ये माझ्या शेजारी बसून म्हणाली, "ते तुमच्यावर रागावले नव्हते. त्यांनी जन्मभर तुमच्यासाठी एक गोष्ट केली, आणि ती चुकीची होती. दोन्ही खरं आहे." मी खिडकीबाहेर बघत होतो. तिने मला काही बोलायला लावलं नाही. असं अडखळणं कुणाचं ऐकून लागत नाही, काही घरांत ते येतं, काही मुलांचं जातं, काहींचं राहतं, हे सगळं तिने मला नंतर सवडीने सांगितलं. आयुष्यभराचा बाप मला एका बसप्रवासात परत मिळाला, तो तिच्यामुळे.

म्हणून माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना अडखळायला लागला, तेव्हा मी काय केलं ते तिला बरोबर दिसलं. मी गप्प बसायला लागलो होतो. ठरवून नाही, पण घरी आलो की तोंड मिटायचं. शेजारीण म्हणाली होती, "बापाचं उचललंन हो." बायको एक गोष्टीचं पुस्तक घेऊन आली आणि माझ्या मांडीवर टाकलं. "वाचा त्याला." मी म्हणालो, माझं ऐकून त्याचं वाढेल. ती म्हणाली, "तुमच्याकडून जे घ्यायचं ते तो जन्माच्या आधीच घेऊन आलाय. आता गोष्ट तरी द्या त्याला." मग मी रोज वाचायला लागलो. त्या गोष्टीत एक गाढव होतं आणि ग माझा असा, त्यामुळे गाढव कुठेही जायला फार वेळ लावे. मुलगा पोटाला हात धरून हसे. मीही हसे. बायको पलीकडे वर्गाचे पेपर तपासत असे आणि वर बघत नसे. मुलाचं अडखळणं हळूहळू गेलं. लोक तिला म्हणाले, तुमच्या शिक्षणामुळे गेलं. ती म्हणे, "बऱ्याच मुलांचं जातं. आम्ही फक्त घाई केली नाही." माझं मात्र राहिलं, आणि तिने ते घालवायचा कधी प्रयत्नही केला नाही. मला वाटतं, तिला ते दुखणं वाटतच नसे. मला बोलायला जास्त वेळ लागतो, एवढंच तिच्या लेखी होतं.

आता मुलगा, सून आणि नात माझ्याबरोबर राहायला आले आहेत. नातीला आम्ही मुंगी म्हणतो. हे नाव आजीने ठेवलं, कारण ती या खोलीतली वस्तू उचलून त्या खोलीत नेऊन ठेवते आणि दिवसभर हेच चालतं. ती सव्वातीन वर्षांची आहे. आजी परगावी शिकवायला गेली आहे असं तिला सांगितलं आहे. तसं सांगू नये, लहान मुलांना साध्या शब्दांत खरं सांगावं, हे बायको दरवर्षी वर्गात शिकवायची. पण त्या दिवसांत कुणाला सुचलं नाही. सून घाईत बोलून गेली आणि मग तेच राहिलं. काही दिवसांनी मुंगी अडखळायला लागली. आधी "आ-आजोबा" एवढंच. मग पाण्याचा प. मी ओळखलं. मुलानेही ओळखलं. एका संध्याकाळी मी ताटं विसळत होतो, तो पुसत होता. तो म्हणाला, "बाबा, रागावू नका. थोडे दिवस, म्हणजे ती सावरेपर्यंत, तुम्ही तिच्याशी जरा कमी..." मी त्याच्याकडे बघितलं. तो ताट पुसत राहिला, ते केव्हाच कोरडं झालं होतं. मी बोलायला लागलो, "तुझी आई..." आणि तो लगेच म्हणाला, "आईचं काय मत होतं ते मला माहीत आहे. पण आई आता नाहीये ना. मला भीती वाटते, बाबा. शाळेत मला काय म्हणायचे ते तुम्हाला माहीत नाही." सून दारातून म्हणाली, "अहो, असं काय बोलता तुम्ही त्यांना." तो म्हणाला, "मी कुठे काय म्हणतोय? थोडे दिवस म्हणतोय." मी मान डोलावली. मला त्याचा राग आला नाही. माझ्या वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं, मला माझ्या मुलाने सांगितलं. दोघांनाही एका लहान मुलाला वाचवायचं होतं. कसं वाचवायचं हे ज्या माणसाला कळत होतं ते माणूस घरात नव्हतं, आणि तिचं सगळं शिकवणं माझ्या डोक्यात होतं, पण ते माझ्या तोंडातून बाहेर यायला हवं होतं.

मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला जड नाही. मुंगी वस्तू आणून देई, मी घेई. ती काही विचारी, मी हसून केसांवरून हात फिरवी. कामावरून आलो की वर्तमानपत्र उघडून बसे. एकदा ते उघडताना त्याचा आवाज झाला आणि मला एकदम वडिलांची खोली आठवली, त्यांच्या टेबलावरचा गोंदाचा वास, आणि पानाच्या कडेवर दिसणारी त्यांची बोटं. मी ते घडी करून ठेवलं. पण बोललो नाही.

रविवारी सकाळी मी गॅलरीत बसून घरातले चष्मे पुसत होतो. मुंगी आतून बायकोचा चष्मा घेऊन आली. तो कपाटात वर ठेवलेला होता, तिला कुठून मिळाला कोण जाणे. तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आ-आ-आजोबा, तू माझ्यावर रा-रागावलास का?"

मी चष्मा दोन्ही हातांनी धरला. मी हा प्रश्न माझ्या वडिलांना कधी विचारला नव्हता. हिने विचारला. मी म्हणालो, "नाही. मी..." आणि पुढे म्हणायचं होतं, कधीच रागावणार नाही. क लागला. मुंगीने माझ्या गुडघ्यावर तळहात ठेवला. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, दुसरीकडेही बघत नव्हती. माझ्या डोळ्यांकडे बघत होती. मान डोलावत नव्हती, हसत नव्हती. तिला कुठे जायचंच नव्हतं. ही उभी राहण्याची तऱ्हा मी काउंटरच्या या बाजूने बघितलेली होती. अडखळणं तिने कुणाकडून आणलं ते मला माहीत आहे, त्याची वाट रक्तातून येते. पण हे? हे ती आजीच्या रक्तातून घेऊन आली, की आजीच्या कडेवर बसून आजी माझ्याकडे कशी बघते ते बघत बघत शिकली? बायको असती तर म्हणाली असती, वेगळं करून दाखवा. मला वेगळं करायचं नव्हतं. मी सगळं वाक्य म्हणालो, "मी तुझ्यावर कधीच रागावणार नाही," आणि ती ते पुरं होईपर्यंत उभी राहिली.

मग तिने विचारलं, "म-मग आजी कुठे आहे?"

मुलगा दारात येऊन उभा होता. त्याच्या खांद्यावर टॉवेल होता, नुकताच आंघोळीहून आला होता. त्याने किती ऐकलं मला माहीत नाही. मी मुंगीला म्हणालो, "आजी..." आणि पुढचा तोच ग आला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर सोडून आलो होतो तिथेच तो होता. मी त्याला रेटत होतो. मला मुलाचं तोंड दिसलं. ते उघडलं, त्याचीही जीभ मागे जाऊन ग धरून बसली होती. त्याला ते वाक्य पुरं करायचं होतं, माझ्यासाठीही आणि तिच्यासाठीही. मग त्याने तोंड मिटलं. टॉवेल खांद्यावरून काढला, हातात गुंडाळला आणि उंबऱ्यावर खाली बसला. मुंगी थांबली. तोही थांबला. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणालातरी गाडी बाजूला घे म्हणून ओरडत होतं, मग तेही संपलं. दोन माणसं माझ्यासाठी थांबली होती, आणि तो शब्द काही आला नाही. शेवटी मुंगीने चष्मा माझ्या हातातून काढून घेतला. "न-नंतर सांग," ती म्हणाली, आणि तो चष्मा कुठल्यातरी दुसऱ्या खोलीत ठेवायला निघून गेली.

मुलगा बसूनच होता. टॉवेलची घडी घालत म्हणाला, "बाबा, मी सांगू तिला?"

"नको," मी म्हणालो. हे अगदी स्वच्छ आलं.

"बरं," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा. तिला थांबता येतं." मग उठताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते गाढवाचं पुस्तक आहे का हो कुठे?"

पुस्तक माळ्यावर सापडलं. ते मी आता रोज मुंगीला वाचतो. ती अजून अडखळते, मीही अडखळतो, आणि तिला गाढवाचं हसू येतं. आजी गेली, हे मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही.